‘आणली’मधला ण

रेजिना,

वर्गात चूक सापडली की मी मुलांकडून तीन गोष्टी करून घेते. चुकीचे वाक्य मोठ्याने वाचायचे. चूक का झाली ते समासात लिहायचे. मग वाक्य दुरुस्त करून पुन्हा लिहायचे. पहिली आणि तिसरी पायरी मुले चटकन उरकतात. दुसरीपाशी पेन्सिल चावत बसतात. तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि त्यांतले आठ दिवस मी त्या दुसऱ्या पायरीवरून हलले नाही.

तेव्हा आधी पहिली. तू सांगितलेले वाक्य असे होते : ‘माझ्या पणजीची आजी जहाजातून आणली.’ मी भिंतीवर लावायला दिलेले वाक्य असे : ‘माझ्या पणजीची आजी जहाजातून आली.’ फरक एका अक्षराचा आहे. मी ते लाल पेनने खोडले, तुझ्यासमोर, तुझ्याच हातचा चहा पीत.

मला ‘तू’ म्हणण्याचा अधिकार कोणी दिला, हाही प्रश्न आहे. पहिल्या दिवसापासून मी तुला ‘तू’ म्हणाले आणि तू मला शेवटपर्यंत ‘बाई, तुम्ही’. तुला गावी पाठवण्याचे कागद करताना तुझ्या पारपत्रावरचे जन्मवर्ष पाहिले. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होतीस. आता ‘तुम्ही’ म्हणून मला चांगले दिसता येईल, पण ती पळवाट होईल. म्हणून ‘तू’च लिहिते, आणि लिहिताना दर वेळी ते टोचते.

आपली पहिली भेट तू लोकांना हसत हसत सांगायचीस. रियाधच्या त्या रुग्णालयात माझ्या यजमानांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. नर्सच्या गणवेशात तू आत आलीस आणि म्हणालीस, ‘‘काका, जरा कुशीवर वळा, पाठ बघू दे.’’ मी मान वर केली, तुझा चेहरा पाहिला, तुझे केस पाहिले आणि इंग्रजीत विचारले, मराठी कुठे शिकलीस?

‘‘आईच्या पोटात,’’ तू म्हणालीस. ‘‘तुम्ही?’’

यजमान हसले आणि टाके दुखले म्हणून कळवळले. मी हसले नाही. शिक्षिकेची चूक विद्यार्थ्याने पकडावी तसा माझा चेहरा झाला होता, असे तू नंतर सांगायचीस. तू हल्याळच्या बाजूची. सातवीपर्यंत मराठी शाळा, घरात कोकणी, बाजारात कन्नड. तुमची माणसे सिद्दी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांतून गोव्यात आणलेली, आणि त्यातली जी निसटली ती घाट चढून जंगलात शिरलेली. हे सगळे मला माहीत असायला हवे होते. मी शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवते.

शुक्रवारी इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना मी मराठीही शिकवते. एकदा तू मला न्यायला लवकर आलीस आणि मागच्या बाकावर बसून राहिलीस. जंजिऱ्याचा धडा चालू होता. घरी जाताना गाडीत म्हणालीस, ‘‘बाई, तुमच्या पुस्तकात आम्ही एकदाच येतो. ते पण किल्ल्याचं दार लावून आत बसलेले.’’

मी शांतपणे समजावले की ते सिद्दी वेगळे, समुद्रावर सत्ता गाजवणारे. तुम्ही वेगळे, जंगलातले. इतिहासात सरमिसळ करू नये.

‘‘जहाज वेगळं असेल, बाई,’’ तू म्हणालीस. ‘‘समुद्र तोच ना?’’

सिग्नल सुटला, मागच्याने भोंगा वाजवला आणि तूच म्हणालीस, ‘‘यल्ला, चला.’’

त्या शुक्रवारी दुपारी तू पहिल्यांदा आमच्या घरी कवंदी पसरलीस. आम्ही तिला वाकळ म्हणतो. तुझ्या कवंदीत रियाध होते. झिजलेल्या अबायांचा काळा, पुरुषांच्या पांढऱ्या पायघोळ थोबांचे तुकडे, तुझ्या जुन्या गणवेशाचा फिका निळा, माझ्या शाळेच्या सुती साडीचा काठ, यजमानांच्या शर्टाची चौकट. तू कडेपासून शिवायला घ्यायचीस. धावदोरा घालत कडेकडेने फिरायचे आणि हळूहळू मध्याकडे सरकायचे. मी सवयीने सांगितले की कोणतेही काम गाभ्यापासून सुरू करावे. निबंधात मुख्य मुद्दा आधी मांडतात. तू दोरा तोडलास आणि म्हणालीस, ‘‘आमचं बाहेरून आत. मधे पोट असतं. ते शेवटी शिवायचं, आणि बंद करायच्या आधी चार दाणे तांदूळ टाकायचे. उपाशी कवंदी कुणी पांघरतं का?’’ मग चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुले. फुले नसली तर कवंदी नागडी, असे तुझी आई म्हणायची.

ती कवंदी हालाने पाहिली. हालाची आई तुझ्या वॉर्डात होती आणि तुझ्या खुर्चीवर अर्धवट शिवलेली कवंदी टाकलेली असे. हाला मूळची मक्केची. रियाधमध्ये ती आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या कलावंतांचे प्रदर्शन मांडत होती. तिने विचारले, ही कोणाची कला? तू मागे वळून पाहिलेस. ती दुसऱ्या कोणाशी बोलते आहे असे तुला वाटले.

तिला कवंदीशेजारी लावायला चार ओळी हव्या होत्या, कलावंताच्या भाषेत. खाली इंग्रजी आणि अरबी भाषांतर. तू माझ्याकडे आलीस. ‘‘मी सांगते, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर मोत्यासारखं.’’

तू सांगितलेस : ‘माझ्या पणजीची आजी जहाजातून आणली. तिच्या लेकी जंगलात पळाल्या. पळाल्या म्हणून मी आहे. ही कवंदी त्यांच्या हातची रीत आहे, माझ्या हातचे कापड.’

मी पहिल्याच वाक्यापाशी थांबले. ‘‘रेजिना, आणणारा कोण? वाक्याला कर्ता नाही.’’

‘‘आहे ना. सगळ्यांना माहीत आहे. मी नाव घेत नाही, एवढंच.’’

‘‘शिवाय माणसाला ‘आणले’ म्हणतात. आजीला आणले. ‘आणली’ हे वस्तूला. साखर आणली, भाजी आणली.’’

‘‘तेच तर म्हणते मी, बाई. भाजी आणली, तशी आणली.’’

वर्गात एखाद्या मुलीने असे उत्तर दिले असते तर मी तिला फळ्यापाशी बोलावले असते, सगळ्यांना ऐकवले असते. एक ‘ला’ गाळून तू सांगितलेस की त्या बाईला जहाजावर माणूस मोजले नव्हते. (आपण ‘सून आणली’ म्हणतो, हे मला फार नंतर आठवले. त्यावर तू काय म्हणाली असतीस कोण जाणे.) आणि मी काय केले? म्हणाले, ‘‘सुटसुटीत करू या. कर्तरी प्रयोग वाचायला बरा.’’ आणि ण खोडला. आणणाऱ्याला मी वाक्यातून मोकळा सोडला आणि जिला आणले तिलाच कर्ती करून टाकले, जणू ती तिकीट काढून आली होती.

तू पेनाकडे पाहत राहिलीस. ‘‘आली?’’

‘‘अर्थ तोच राहतो.’’

‘‘तुम्ही म्हणता तर राहत असेल,’’ तू म्हणालीस, आणि कपबशा उचलून आत गेलीस. दोन दिवसांनी हालाच्या कागदावर सही केलीस, कारण तो मजकूर बाईंनी तपासलेला होता.

जी आपणहून आली तिच्या लेकी पळतील कशाला, हे पाचवीतल्या मुलानेही विचारले असते. मी विचारले नाही, कारण मला उत्तर ठाऊक होते.

प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी आपण दोघी गेलो. तू गर्द जांभळा अबाया घातला होतास. एका दालनात जुन्या सागरी नकाशांच्या पट्ट्या कापून विणलेली चटई होती. देशांच्या सीमा एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की कोणता देश कोणाचा ते सांगता येऊ नये. घानाच्या एका बाईंनी कोकोची पोती उसवून, त्यांवरचे कंपन्यांचे शिक्के तसेच ठेवून, छतापासून जमिनीपर्यंत पडदा शिवला होता. सेनेगलच्या एका कलावंताने आपल्या आजोबांचा सैनिकी कोट मांडला होता. आजोबा परक्यांच्या युद्धात लढलेले, आणि कोटाच्या खिशांत नातवाने गावची माती भरून ज्वारी रुजवली होती. तू प्रत्येकापाशी वाकून टाके पाहिलेस. ‘‘ही मंडळी आमच्यासारखंच शिवतात, बाई. फक्त मोठं.’’ तुझ्या आवाजात मी त्याआधी कधी न ऐकलेले काही होते. नातेवाइकांच्या घरी आल्यासारखे.

मग तुझी कवंदी. पांढऱ्या भिंतीवर, वरून प्रकाश. शेजारी मराठी, खाली इंग्रजी, खाली अरबी. तिन्ही भाषांत ती बाई आपल्या पायांनी आली होती.

हाला आली, तिने तुझा हात धरला. ती इंग्रजीत म्हणाली, ‘‘माझे पणजोबाही असेच आले. पश्चिम आफ्रिकेतून चालत, हजसाठी, वाटेत मोलमजुरी करत. मक्केला पोचले आणि राहिले. तुमचं वाक्य वाचलं तेव्हा वाटलं, आपली गोष्ट एकच आहे.’’

तिच्या घराण्याला ‘आले’ हा शब्द शोभतो. ते श्रद्धेने आले, तो त्यांचा अभिमान आहे. तुझ्या घराण्याला मी तोच शब्द नेसवला होता. तू हालाकडे पाहून हसलीस, तिचा हात थोपटलास, आणि मग माझ्याकडे पाहिलेस. रागावून नव्हे. रुग्ण वेळेवर गोळी घेतो की नाही हे पाहावे, तसे.

परतताना मी म्हणाले, कवंदीला एका कोपऱ्यात फूल दिसले नाही.

‘‘मुद्दाम नाही लावलं.’’ पर्समधून तू तळहाताएवढा लाल कापडाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलास. ‘‘हे तुम्ही लावा. ज्या दिवशी ण परत लावाल त्या दिवशी.’’

‘‘अगं, छापून झालं आहे.’’

‘‘छापलेलं पुसता येत नाही होय? मग तुम्ही आयुष्यभर केलं काय?’’ आणि तू मोठ्याने हसलीस.

मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात हालाशी बोलते. लाल तुकडा हजेरीपटात ठेवला. मग चाचणी परीक्षा आली, मग स्नेहसंमेलन. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा एवढेच विचारलेस, ‘‘बाई, पेपर तपासून झाले का?’’ मी दोन्ही वेळा खऱ्या पेपरांचे उत्तर दिले. सात आठवडे तुझी कवंदी भिंतीवर नागडी राहिली.

मग त्या मंगळवारी तुझ्या वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरचा हिंदीत फोन आला. रेजिना सकाळी ड्यूटीवर आली, एका रुग्णाची चादर बदलली आणि खुर्चीत बसली. मग उठलीच नाही. शेवटचे शब्द काय, असे मी विचारले. मला वाटले होते काही असेल. ती म्हणाली, ‘‘कुछ नहीं, टीचर. बोली, दो मिनट बैठती हूँ.’’

आता दुसरी पायरी. आठ दिवस मी समासात निरनिराळी कारणे लिहून पाहिली. भाषेची शुद्धता. वाचकाची सोय. संक्षेप. एकेक खोडत गेले. उरले ते असे : तुमच्याकडे कोणी म्हणते जहाज पोर्तुगिजांचे, कोणी म्हणते अरब व्यापाऱ्यांचे; तू कोणाचेच नाव घ्यायची नाहीस. ते वाक्य अरबीत, रियाधमध्ये, माझ्या अक्षरात भिंतीवर लागणार होते. उद्या कोणी विचारले, आणणारा कोण, तर? यजमानांची बँकेतली नोकरी, आमचे इकामे म्हणजे इथे राहण्याचे परवाने, मुलीचे शेवटचे वर्ष, असे सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले. आपण इथे पाहुणे, कशाला. कोणीही मला काही सांगितले नव्हते. कोणी भुवईसुद्धा उंचावली नव्हती. मी घाबरले, आणि भीतीला व्याकरणाचे नाव दिले. तीस वर्षे मुले माझ्या लाल पेनाला न्याय समजत आली. तूही समजलीस, असे मला वाटत होते.

नवव्या दिवशी हालाकडे गेले आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ इंग्रजी ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग म्हणाली, ‘‘आम्ही ‘आणली’ छापलं असतं. त्याचसाठी तर हे प्रदर्शन आहे. छापणार नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘आणि मी तिला म्हणाले, आपली गोष्ट एकच.’’ हालाने डोळे मिटले. ‘‘ती हसली होती.’’

म्हणजे बघ, माझ्या एका अक्षराने मी तिलाही तुझ्यापुढे चूक ठरवले होते, आणि तिला ते कळूही दिले नव्हते.

मला कवंदी खाली उतरवून मिळाली. पण फूल कसे दुमडायचे ते मला येत नव्हते, म्हणून हुबळीला तुझ्या लेकीला, मार्थाला, व्हिडिओ कॉल लावला. तिचे कपाळ तुझेच आहे. मी लाल तुकडा दाखवला आणि तो माझ्याकडे का आहे ते सांगू लागले. तयारी करून बसले होते; क्रमवार मुद्दे होते.

‘‘टीचर, मला माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आईनं सांगितलं होतं.’’

‘‘काय सांगितलं?’’

ती थोडी अडखळली. मग तुझ्याच सुरात म्हणाली, ‘‘‘बाईंना भीती वाटली. व्याकरण वरून पांघरलं.’’’

मी लाल तुकडा मांडीवर ठेवला.

‘‘मी आईला म्हटलं, मग तू सही कशाला केलीस? तर म्हणाली, ‘त्यांचं त्यांना काढू दे. दुसऱ्यानं ओढलं तर थंडी वाजते.’’’

सात आठवडे, रेजिना. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि तू मला पेपर तपासून झाले का म्हणून विचारत राहिलीस. मी तुझी शिक्षिका आहे असे समजत होते. तू मला अवधी देत होतीस.

मार्था तिकडून सांगत गेली आणि मी दुमडत गेले. आधी तिकोन, मग पुन्हा तिकोन, टोके आत. ‘‘बाहेरून आत, टीचर. उलटं नको.’’ दोनदा उसवले. तिसऱ्यांदा लागले, पण एका बाजूला कलले. मी पुन्हा कात्री उचलली.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘वाकडं आहे ते दिसतंय. कोणी शिवलं ते पण दिसू दे.’’

मग तिला विचारले, फलक नवा छापू की जुन्यावरच दुरुस्ती करू? ती म्हणाली, जुन्यावर. नव्यावर काहीच झालं नव्हतं असं वाटेल. हालालाही ते पटले. तुझी कवंदी पुढच्या महिन्यात जेद्दाला जाते आहे, आणि शेजारी हाच फलक जाणार आहे. मराठी ओळीत ‘आ’ आणि ‘ली’ यांच्या मध्ये मी लाल शाईने काकपद काढले. मुलांना शिकवते ती, सुटलेले अक्षर आत घेण्याची खूण. वर ण लिहिला. त्याची दांडी किंचित तिरपी आहे. खालच्या दोन्ही भाषांत हालाने स्वतःच्या हाताने क्रियापद बदलले.

तळाशी एक ओळीची टीप हवी होती. हालाने सौजन्याने मसुदा करून ठेवला होता. त्याचा अर्थ, ‘छपाईत एक अक्षर गळले होते.’ अक्षर गळते तेव्हा कोणाचाच दोष नसतो; पान गळते तसे ते गळते. मी आभार मानले आणि तो कागद परत केला. मग फलकावर तीन शब्द लिहिले आणि खाली माझे पूर्ण नाव.

‘ण मी काढला.’

हाही कर्मणी प्रयोगच आहे, रेजिना, तुझ्या वाक्यासारखा. फरक इतकाच की यात कर्ता जागेवर आहे.